नऊ, अडतीस की पंचेचाळीस

डेन्झिल हिंकलच्या दुकानात शनिवारी सकाळी चार माणसं जमली की भांडण ठरलेलं. विषय एकच. पिस्तुलाला गोळीचं माप कुठलं चांगलं?

गार्लंड ट्रूएक्स पंचेचाळीसचं एक काडतूस काउंटरवर उभं करायचा, अंगठ्याच्या पेराएवढं जाडजूड, आणि हाताची घडी घालून मागे सरायचा. आता ह्यावर कुणी काय बोलायचं, असा थाट.

"ह्याला म्हणतात गोळी. बाकीच्या पोरांनी बेचकीत घालाव्यात."

"घालू दे की," ट्वायला मोट्स म्हणायची. "माझ्या नऊ एमएमचा पन्नासाचा डबा चौदा डॉलरला येतो. तुझा सत्तावीसला. तेवढ्यात माझे जवळपास दोन डबे झाले."

"मग दोन्ही डबे सामन्यातल्या बोलिंगच्या पिनेवर फेकून मार. गोळीनं ती पडायची नाही."

दुकानभर हशा. म्हातारा डेन्झिल गल्ल्यामागे बसून अक्रोड फोडत असायचा. त्याला काय, नऊ विको नाहीतर पंचेचाळीस, डबा त्याच्याच फळीवरून जायचा.

नेडीन स्वेकर ह्या भांडणात पडायची नाही, आणि त्याचं सगळ्यांना नवल वाटायचं. कारण भांडणाला पाठ दाखवणारी ही बाई नव्हे. छपन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, शाळेची चौदा नंबरची पिवळी बस सत्तावीस वर्षं चालवत आलेली. संपाच्या वर्षी डेपोतली पहिली किल्ली साहेबाच्या टेबलावर आदळली ती तिची. साहेब म्हणाला, "नेडीन, पोरांचा विचार कर." ती म्हणाली, "पोरांचाच करतेय. त्यांना शिकवणारी बाई रात्री पेट्रोलपंपावर नोकरी करते, ते तुला चालतं?" बाकीच्या सदतीस किल्ल्या त्यामागोमाग पडल्या. खाणीत फुफ्फुस काळं करून गेलेल्या बापाची लेक. चूप बस म्हटलं की तिला उभं राहायची सवय.

पण मापावरून भांडणं तिला भरल्या पोटाचे चोचले वाटायचे. "जे खिशाला झेपतं ते आवडतं," ती म्हणायची. "नऊ स्वस्त आहे. मिटला विषय."

विषय मिटला नव्हता. त्याच उन्हाळ्यात तो तिच्या मानगुटीवर बसला.

झालं असं की नेडीन काही बायकांना पिस्तूल चालवायला शिकवत होती. सुरुवात ट्वायलापासून. ट्वायला घरोघर जाऊन आजारी म्हाताऱ्यांचं करते. अंघोळ, औषध, मलमपट्टी. डोंगराच्या खाचाखोचांतली घरं, फोनला रेंज नाही, आणि म्हाताऱ्याचा पोरगा कसल्या नशेत दार उघडेल ह्याचा भरवसा नाही. दोनदा ती जेमतेम गाडीपर्यंत पोचली होती. मग खानावळीतली एक वाढपीण आली. तिच्या आधीच्या नवऱ्यानं जवळ यायचं नाही असा कोर्टाचा कागद तिच्याकडे होता. कागद होता, तिचं घर मात्र शेरीफच्या कचेरीपासून चाळीस मिनिटं लांब. मग अशाच आणखी आल्या. चौदा झाल्या.

त्या नेम धरायच्या जुन्या खाणीच्या उघड्या खड्ड्यात. एप्रिलमध्ये मालकानं तिथं साखळी ओढली आणि पाटी लावली. उरलं लॉरेल रन क्लबचं मैदान. मातीचा उंच बांध, पत्र्याची शेड, सगळं चोख. पण सोमवारी आणि शुक्रवारी बंद, मंगळवारी पुरुषांचे सामने, बुधवारी रायफली, शनिवारी सगळ्यांचीच गर्दी. रविवारी दुपारी खुलं, तेव्हा निम्म्या बायका कामावर आणि निम्म्या चर्चात.

नेडीन एप्रिलच्या बैठकीत उभी राहिली. "गुरुवार संध्याकाळ आम्हाला द्या."

अध्यक्ष गार्लंडच. शाळेत तिच्याच वर्गात होता, तेव्हाही फळा पुसायचं डस्टर स्वतःच्या ताब्यात ठेवायचा. त्यानं कमरेच्या जुडग्यातली पितळेची किल्ली बोटानं हलवली.

"गुरुवार माझा आहे, नेडीन. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. क्लबची रीत तशी जुनी. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेची सुट्टी, तिच्या आदल्या शनिवारी पिनांचा सामना व्हायचा. बोलिंगच्या बाटलीसारख्या लाकडी पिना, पाच पिना एका टेबलावर मांडायच्या, पंचवीस फुटांवरून उडवायच्या. नुसत्या आडव्या करून भागत नाही, टेबलावरून खाली पडल्या पाहिजेत, त्याही शेजारच्या टेबलावाल्याच्या आधी. जो जिंकेल त्याला वर्षभर गुरुवार संध्याकाळची किल्ली. मैदान त्याचं, बोलावील तो पाहुणा त्याचा. गार्लंड सहा वर्षं जिंकत आला होता. आणि गुरुवारी काय करायचा? मेव्हण्याला घेऊन यायचा, पन्नास गोळ्या झाडायचा आणि खुर्ची टाकून बांधाकडे बघत बसायचा.

"एक संध्याकाळ, गार्लंड. तू नाहीतरी तिथं डासच मारतोस."

"जिंक आणि घे की, मिस नेडीन!"

अख्खी शेड हसली. बसमधल्या पोरांसारखं मिस म्हणायला तो कधीपासून लागला? नेडीनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"लिही," ती म्हणाली. "नाव लिही माझं. पेन आहे का, का तेही सहा वर्षं तुझ्याकडेच आहे?"

त्यानं लिहिलं. हसत हसत लिहिलं.

आता बंदूक कुठली घ्यायची, हा प्रश्न नेडीनला पडलाच नाही. तिच्या कपाटात आइसी मावशीचं रिव्हॉल्व्हर होतं. बायकांच्या तुरुंगात मावशीनं तीस वर्षं पहारा केला, तिचं ते. अडतीसचं माप, सहा गोळ्या, हातोड्यासारखं जड. पण अडतीसचा डबा पडतो अठ्ठावीस डॉलरला. बसवालीचा पगार बघता तेवढ्याला सराव होत नाही, नुसता आवाज होतो. ट्वायलानं स्वतःचं नऊचं पिस्तूल पुढे केलं.

"घे गं. सतरा गोळ्या मावतात. चुकलीस तरी बारा जादा."

"मी चुकायला जात नाहीये."

"अगं बाई, राग नाकावर! घे म्हणतेय ना."

डेन्झिलकडून हजार गोळ्यांची पेटी आली. बोलिंगच्या अड्ड्यावरून ट्वायलानं वीस जुन्या पिना मागून आणल्या. चर्चच्या मागच्या कुरणात, पाद्र्याची परवानगी काढून आणि पिनांमागे टेकडी येईल असं बघून, नेडीननं मे महिन्यापासून पिना उडवायला सुरुवात केली. बस दुपारी साडेतीनला उभी केली की थेट तिथं. पहिल्या आठवड्यात पाच पिनांना अकरा सेकंद लागले. जूनमध्ये आठ. जुलैत साडेपाच! पिना अशा उडायच्या, जणू मागून कुणी दोरी ओढतंय. ट्वायला गवतात लोळून ओरडायची. "गार्लंडला सांग, खुर्ची आवरायला घे म्हणावं!"

नेडीन उन्हाळी वर्गांची बस चालवताना स्वतःशीच हसायची. आरशात बघून पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मिस नेडीनला झालंय काय?

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी क्लबची साफसफाई असते. ज्यानं नाव नोंदवलं त्यानं राबायचं, असा नियम. नेडीनच्या वाट्याला पिना रंगवायचं काम आलं. ते नेहमी म्हाताऱ्यांना नाहीतर बायकांना देतात. क्लब पिना सहसा फेकत नाही. फुटल्या की चिकटपट्टी गुंडाळायची, वर पांढरा रंग, की झाली पुन्हा नवी. तिनं पहिली पिन उचलायला हात घातला आणि हात तिथंच थबकला.

पिन उचलली, पण मनगटाला झटका बसला.

तिनं दुसरी उचलली. तिसरी. मग ट्रकमधून मासे तोलायचा काटा आणला. अड्ड्यावरची पिन साडेतीन पौंडांची, हे तिला पाठ होतं. ही भरली पाच पौंडाला थोडी कमी.

शिसं! वर्षानुवर्षं पंचेचाळीसच्या मऊ गोळ्या लाकडात रुतून बसलेल्या. वरून रंग. आत निव्वळ शिसं. बाहेरून पाहुणे म्हणून येणाऱ्या नेमबाजांना काय कळणार? इथल्यांना मात्र ठाऊक असायला हवं होतं, आणि तिलाही. सगळा उन्हाळा ती हलक्या पिनांवर शेर झाली होती.

कुणी बघत नाही असं पाहून तिनं दोन पिना बांधाजवळच्या फळीवर ठेवल्या आणि नऊची गोळी मारली. अगदी मध्यावर बसली. पिन डुलली, आडवी झाली आणि फळीवर लोळत राहिली. दुसरी, तिसरी गोळी. पिन जागची हलेना.

पाठीमागून गार्लंडचा आवाज आला. हातात रंगाचा डबा, चेहऱ्यावर साखर.

"म्हणून तर मी म्हणतो, आपलं पंचेचाळीस बरं. स्वस्तातली गोळी पिनेला गुदगुल्या करते."

"तुला ठाऊक होतं."

"काय ठाऊक? क्लबचे पैसे वाचवतो मी. नव्या पिना का फुकट येतात?"

खोटं बोलत नव्हता तो, हेच जास्त झोंबलं. नेडीननं ब्रश डब्यात आपटला. रंग उडून तिच्या बुटांवर पडला, थोडा त्याच्या पँटवर. माफी ती मागणार नव्हती.

ती दुकानापाशी पोचली तेव्हा डेन्झिल दार लावत होता. "डेन्झिल काका, पंचेचाळीसचं पिस्तूल सर्वांत स्वस्त कितीला?"

"वापरलेलं, पाचशे. पण पोरी, तीन आठवड्यांत तुला ते हाताळायचं म्हणजे हजार गोळ्या. पाचशे आणखी." म्हाताऱ्यानं तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तूच म्हणायचीस ना, जे खिशाला झेपतं ते आवडतं?"

"टोमणे नको मारूस. मूर्खपणा झाला माझा. डब्यावरची किंमत बघितली, पिनेचं वजन बघितलं नाही."

डेन्झिलला मजा आली. नेडीन स्वेकरच्या तोंडून मूर्खपणा हा शब्द, तोही स्वतःसाठी! त्यानं दार परत उघडलं. मागच्या खोलीत गेला, बराच वेळ खडखडला, आणि लोखंडी चिमट्यासारखं एक अवजार घेऊन आला. लाकडी मुठी, पुढे दोन खोबणींचा ठोकळा.

"गोळीचा साचा आहे. अडतीसचा. जुन्या काळी पोलिसांत जड गोळी चालायची, ती ह्यातली. तुझ्या नऊच्या गोळीच्या पावणेदोन पट भारी. जाडी जवळपास तीच, पण वजन बघ. हळू जाते, पण ढकलते. तडाखा नको तुला, पोरी, धक्का हवा. आइसीचं रिव्हॉल्व्हर आहे ना अजून?"

"आहे. पण ही गोळी कुठल्या डब्यात मिळणार?"

"डब्यात नाही मिळत. ओतायची. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या माझ्याकडे बादलीभर आहेत, त्या घे. ठिणगीची टोपी आणि बंदुकीची दारू मिळून गोळीमागे अकरा सेंट. शिसं तुझं तू आण." त्यानं अक्रोड तोंडात टाकला. "शिसंच महाग झालंय हल्ली."

नेडीन अशी हसली की म्हाताऱ्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

क्लबच्या शेडमागे मोडक्या पिनांचा ढीग पडलेला असतो. पट्टी लावूनही न सांधणाऱ्या. सामन्याच्या दिवशी त्यांची शेकोटी करतात. दुसऱ्याच दिवशी नेडीन ट्रक घेऊन गेली.

"गार्लंड, ते लाकूड नेऊ का? सरपणाला."

"ने की! उचलायचे पैसे वाचले आमचे." वर त्यानं दोन पिना ट्रकमध्ये स्वतः टाकल्या, हुश्श करत.

घरामागच्या ओंडक्यावर नेडीननं पहिली पिन उभी केली आणि कुऱ्हाड घातली. लाकूड दुभंगलं आणि आतून शिशाचे गोळे घरंगळले. चपटे, वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले. दुसरी पिन, तिसरी. ट्वायला बादली धरून बसली होती. तीही आता ओरडायचं विसरून पुटपुटत होती. "आई गं... आई गं... हे सगळं त्याचं?"

"सगळं नाही. निम्म्याहून जास्त."

चाळीस पिनांतून बादली भरली. मग डेन्झिलच्या दुकानामागे, उघड्या पडवीत, भर दुपारी भट्टी लावली. हातमोजे, लांब बाह्या, तोंड वाऱ्याकडे. शिसं वितळलं, तांब्याची टरफलं आणि लाकडाचा कोळसा वर तरंगला, तो डेन्झिलनं झाऱ्यानं काढून टाकला. खाली आरशासारखं चकचकीत शिसं. साच्यात धार सोडायची, थांबायचं, ठोकायचं. टप, टप. दोन चंदेरी गोळ्या ओल्या कापडावर. नेडीननं त्यातली एक थंड झाल्यावर तळहातावर घेतली. वजन कळलं. हिच्या आत सहा वर्षांचे गुरुवार आहेत, असं तिला वाटलं.

"हात धू आधी," डेन्झिल खेकसला, कारण तिचा दुसरा हात पेपरोनी रोलकडे गेला होता. "शिशाबरोबर खाऊ नये, किती वेळा सांगू?"

तीन आठवडे. पन्नास गोळ्यांना साडेपाच डॉलर. ट्वायलानं हिशेब केला आणि शिट्टी वाजवली. "माझ्या नऊपेक्षा स्वस्त! ही बाई आमचं नाक कापणार."

पण स्वस्त म्हणजे सोपं नव्हे. रिव्हॉल्व्हरचा चाप जड. दर गोळीला लांबवर ओढायचा, आणि ओढताना नळीच्या टोकावरची नेमाची माशी जरा जरी हलली तरी गोळी पिनेच्या खांद्यावर जाते, पिन गरगरते आणि आडवी पडते. आणि गोळ्या सहाच. पाच पिना, एक जादा. नेडीनच्या मनगटात मात्र सत्तावीस वर्षांची बस होती. सुरुवातीच्या गाड्यांचं स्टिअरिंग फिरवायला अख्खा माणूस लागायचा. चाप तिच्यापुढे काय! क्लबच्या वजनाला आणलेल्या पिना तिनं स्वतः केल्या. अड्ड्यावरच्या पिनांना भोक पाडून आत शिसं ठोकलं. पहिल्या दिवशी पाचांतल्या दोन पडल्या. दहाव्या दिवशी पाचही. जड पिन लागली की कशी लागते! नऊच्या गोळीनं ठक् व्हायचं. हिनं धप्प. आणि पिन मागे सरकत, नाखुशीनं, टेबलाची कड ओलांडायची. तो आवाज ऐकायला नेडीन दिवसभर झुरायची.

लेबर डेचा शनिवार उजाडला तो लख्ख. पार्किंगला जागा नाही. जाळीवर सॉसेज आणि कोबीची कोशिंबीर, थंड सरबताच्या पेट्या, पोरं कानावर मोठाले आवाजरोधक लावून हुंदडत होती. चौदापैकी अकरा बायका आल्या, त्यांतल्या तीन कामाच्या कपड्यांत, अर्धी सुट्टी टाकून.

"ही काय तोफ आणलीस?" रिव्हॉल्व्हर बघून गार्लंड म्हणाला. "तुझी ती नऊची पिचकारी कुठाय?"

"ट्वायलाकडे. तुझी पँट धुतलीस का?"

पहिल्या फेरीत तिला खाणीवरचा जाडा ड्रायव्हर आला. त्याच्याकडे नऊ एमएम. त्यानं चौदा गोळ्या झाडल्या, चार पिना टेबलावर झोपवल्या, आणि तोपर्यंत नेडीनचं टेबल रिकामं. दुसऱ्या फेरीतला पंचेचाळीसवाला हडबडला. तिसऱ्यातल्याशी अटीतटी झाली, ती अर्ध्या सेकंदानं जिंकली. लोक आता शेडमधून उठून दोरीपाशी आले होते. "बसवाली!" कुणीतरी ओरडलं. "चौदा नंबर!" तिच्या बसमधून शाळेत गेलेली, आता मिशा फुटलेली पोरं ओरडत होती.

शेवटी उरले दोघं. गार्लंड आणि नेडीन, शेजारी शेजारी, दोन टेबलं, तीनपैकी दोन डाव. पंच होता गार्लंडचा मेव्हणा.

"त्याचा मेव्हणा?" ट्वायला कुजबुजली. "हे काय बरोबर नाही."

"असू दे," नेडीन म्हणाली. "पिन पडली की आकाशातल्या बापालाही परत ठेवता येत नाही."

शिट्टी. पहिला डाव गार्लंडनं मारला. पाच गोळ्या, पाच पिना, चार सेकंदांच्या आत. काय सुंदर मारतो माणूस! तिला राग आला तो त्याचा नाही, स्वतःचा. पहिलीच पिन तिनं खांद्यावर मारली होती. गार्लंडनं मॅगझिन काढताना तिच्याकडे बघून टोपी जराशी उचलली.

ट्वायलानं सहा गोळ्या हातात ठेवल्या. "श्वास घे गं बाई. डुकरासारखी फुरफुरतेयस."

"तू गप्प."

दुसरा डाव. नेडीनला आता पाच पिना दिसतच नव्हत्या, एकच दिसत होती, मग पुढची एकच. धप्प. धप्प. धप्प. धप्प. धप्प. पाच गोळ्या! गार्लंडची चौथी पिन टेबलावर आडवी, तिला तो दुसऱ्यांदा मारत होता तेव्हा मेव्हण्याचा हात वर गेला. "डावं टेबल!" डावं म्हणजे तिचं. बायकांनी जो गलका केला त्यानं शेडवरची कबुतरं उडाली.

तिसरा. शेवटचा. जाळीवरच्या सॉसेजचं चुरचुरणं ऐकू येत होतं.

शिट्टी. दोघांच्या गोळ्या एकातएक मिसळल्या. एक, दोन, तीन, चार. चार पिना गेल्या. पाचवीला तिची गोळी किंचित उजवीकडे बसली. पिन गरगरली, आडवी झाली, आणि बूड तिच्याकडे करून टेबलाच्या मागच्या कडेला थबकली. शेजारी गार्लंडची पाचवी पिनही आडवी! त्यानं तिच्यावर आणखी तीन झाडल्या, ती इंच इंच सरकली आणि थांबली. मॅगझिन रिकामं. तो दुसरं भरू लागला. खट्.

नेडीनकडे एक गोळी. चुकली तर सहा नव्या भरायच्या, आणि रिव्हॉल्व्हर भरेपर्यंत गार्लंड तीन पिना उडवील.

पिजन फोर्कच्या रस्त्यावर एक लाकडी पूल आहे. बसच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. नवे ड्रायव्हर तो लवकर पार करायला बघतात आणि कठडा घासतात. नेडीन रोज पुलाच्या तोंडाशी गाडी पार थांबवते. पोरं सुद्धा तेवढ्यापुरती गप्प होतात. मग ती हळूहळू आत घालते.

ती थांबली. ट्वायलाला वाटलं, बिघडलं काही. शेजारी मॅगझिन आत बसल्याचा आवाज. नेडीननं माशी पिनेच्या बुडाच्या जरा वरच्या काठावर टेकवली आणि चाप ओढायला घेतला. हळूहळू, सबंध.

धप्प आणि धडाम एकाच वेळी. दोघांची गोळी एकदम सुटली. गार्लंडची पिन कडेवर गेली, अर्धी बाहेर, डुलली. डुलली. आणि परत टेबलावर टेकली.

नेडीनची पिन टेबलावर नव्हतीच.

मेव्हण्यानं आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग गार्लंडच्या तोंडाकडे. घसा खाकरला.

"डावं टेबल," तो म्हणाला. पहिल्यांदा हळू. मग मोठ्यानं.

पुढचा मिनिटभर काय झालं ते नेडीनला नीट आठवत नाही. ट्वायला गळ्यात होती, कुणीतरी तिच्या पाठीवर गुद्दे घालत होतं, वाढपीण बाई ढसढसा रडत होती आणि डेन्झिल काकाच्या हातातले अक्रोड सांडले होते. तिनं रिव्हॉल्व्हरचं चाक उघडलं, रिकामं असल्याचं पंचाला दाखवलं, खाली ठेवलं. मग गार्लंडसमोर तळहात पसरला.

जुडग्यातून किल्ली निघता निघेना. सहा वर्षांत कडी गंजून बसली होती. गार्लंडचं नख मोडलं. नेडीनचा हात तसाच पुढे. घाई तिलाही नव्हती. एकदाची निघाली.

"मानलं," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे तिच्या लक्षात आलं. मग खाली वाकून त्यानं टेबलामागच्या मातीतून तिची एक चपटी गोळी उचलली आणि तळहातावर तोलली. "ही कुठली? एवढी जड अडतीस मी कुठल्या फळीवर बघितली नाही. काय भाव?"

"अकरा सेंट."

"थापा मारू नकोस. निव्वळ शिसंच ह्यापेक्षा महाग आहे."

"शिसं फुकट मिळालं," नेडीन म्हणाली. "तुझंच आहे. सरपण तू स्वतः ट्रकमध्ये टाकलंस की."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो लाल झाला, मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि मग तो आणि त्याचा मेव्हणा दोघंही टेबलाला धरून हसू लागले.

पहिल्या गुरुवारी साडेपाचला नेडीननं बसच्या किल्लीशेजारची पितळी किल्ली कुलपात घातली. चौदाच्या चौदा आल्या. कुणाकडे नऊ, कुणाकडे अडतीस, एकीकडे बापाचं पंचेचाळीस, एकीकडे नुसतंच बारकं बावीस. ट्वायलानं वीस नव्या पिना आणल्या होत्या, हलक्या. नेडीननं त्या बाजूला सारल्या आणि क्लबच्या जड पिना मांडायला घेतल्या.

"अगं, पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी. नाहीतर जुलैतल्या माझ्यासारख्या शेर होऊन बसाल."

मग अर्थातच ते सुरू झालं.

"पण मिस नेडीन," वाढपीण बाईनं विचारलं, "मी कुठलं माप घेऊ? ट्वायला म्हणते नऊ."

"नऊच! चौदा डॉलर!"

"अडतीस घे, ओतायला मी शिकवते," दुसरी कुणी म्हणाली. आठवड्यापूर्वीच तिनं पहिली गोळी ओतली होती.

"माझे वडील पंचेचाळीसशिवाय..."

तिसरी, चौथी, सगळ्या एकदम. पत्र्याची शेड दणाणली. फाटकापाशी गार्लंड उभा होता, हातात मोडक्या पिनांनी भरलेली ढकलगाडी. "सरपण हवं का?" असं तो दोनदा ओरडला, पण त्या गलक्यात त्याला ऐकतंय कोण! नेडीननं शिट्टी तोंडात धरली, वाजवायची म्हणून, आणि वाजवली नाही. भांडू दे म्हणाली थोडा वेळ. संध्याकाळ त्यांचीच आहे.